पाटी नसलेली गाडी

बलूनमध्ये बसायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो वजनाचा. भीती, पैसे आणि थंडी यांचा नंबर त्यानंतर. अर्जात नाव, वय, पासपोर्ट क्रमांक यांच्याच रांगेत ‘वजन’ असा एक रकाना असतो आणि तिथे आल्यावर भल्याभल्यांचं पेन अडतं. आमच्या गटात कुणी लग्नातलं वजन लिहिलं, कुणी डॉक्टरांनी बजावलेलं. एका गृहस्थांनी ‘बुटांसह की बुटांशिवाय?’ असं आधी विचारून घेतलं. टूर मॅनेजरने सगळे कागद गोळा केले, आकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिलं आणि बाजूला जाऊन फोनवर पलीकडच्या माणसाला एकूण बेरीज सांगितली. ती कागदावरच्या बेरजेपेक्षा बरीच जास्त होती, असा माझा दाट संशय आहे.

विचारायला कारण असतं. गरम हवा हलकी असते हे शाळेत सगळ्यांनीच घोकलेलं असतं, पण किती हलकी, ते कुणी सांगत नाही. बाहेर वीस अंश सेल्सिअस आणि फुग्याच्या आत शंभर अंश असेल, तर एक घनमीटर गरम हवा जेमतेम पाव किलो उचलते. पाव किलोत माणूस सोडाच, माणसाचे बूटही धड उचलले जात नाहीत. म्हणून वीस-चोवीस माणसांची टोपली न्यायची तर फुगा दहा हजार घनमीटरच्या घरात असावा लागतो. सत्तर किलोच्या एका माणसाच्या नावावर पावणेतीनशे घनमीटर हवा खर्ची पडते. टोपली, गॅसच्या टाक्या आणि फुग्याचं कापड यांचा हिशेब वेगळाच. दिवाळीच्या फराळाचा जाब आपल्याला कधी तुर्कस्तानात द्यावा लागेल, असं मला वाटलं नव्हतं.

कारण हे सगळं चाललं होतं मध्य तुर्कस्तानातल्या कॅपाडोकियात. एर्जियेस आणि हसन या ज्वालामुखींनी लक्षावधी वर्षांपूर्वी इथे राख ओतली. तिचा मऊ दगड झाला आणि ऊन-पाऊस-वाऱ्याने तो कोरून काढला. माथ्यावर कठीण खडकाची टोपी राहिली तिथे खालचा सुळका टिकला, बाकीचं वाहून गेलं. या सुळक्यांना तिथले लोक परींची धुराडी म्हणतात. माणसांनीही मग कोरायला कमी केलं नाही. घरं कोरली, भित्तिचित्रांनी मढवलेली चर्च कोरली, कबुतरखाने कोरले, कारण कबुतरांची विष्ठा द्राक्षमळ्यांना खत म्हणून लागायची. शत्रू आला की लपता यावं म्हणून जमिनीखाली डेरिनकुयूसारखी अनेक मजली शहरंसुद्धा कोरली. परक्यांपासून लपायला ज्या मुलखातली माणसं जमिनीत उतरायची, तिथे आज परके दीडशे-दोनशे युरो मोजून आकाशात चढतात. गोरेमेचा हा परिसर 1985 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, आणि हवा चांगली असेल त्या पहाटे इथून शंभरच्या आसपास फुगे एका वेळी वर जातात.

आमच्या गटात नाना होते. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची हयात गेली. गाडी कुठली, कुठे जाणार, कोणत्या मार्गे, किती वाजता, कोणत्या फलाटावर लागेल, ही पाच उत्तरं माइकवरून देण्यात जन्म गेल्यामुळे निवृत्तीनंतरही त्यांना तेच पाच प्रश्न पडतात. परींची धुराडी म्हटल्यावर ते एवढंच म्हणाले, “आमचीही परीच. लाल.” इस्तंबूलला बॉस्फरसवरच्या बोटीबद्दल त्यांनी आपले पाचही प्रश्न विचारले होते आणि समाधानकारक उत्तरं मिळाली होती. बलूनच्या बाबतीत मात्र पहिल्याच प्रश्नाला गाडी अडली.

“कुठे उतरणार?”

“वारा नेईल तिथे, नाना,” टूर मॅनेजर म्हणाला.

“बरं. कोणत्या मार्गे?”

“वाऱ्याच्याच.”

“सुटणार किती वाजता?”

“सूर्योदयाच्या सुमारास. परवानगी मिळाली तर.”

नाना गप्प झाले. मग आपल्या बायकोकडे, माईंकडे वळून म्हणाले, “पाटी नसलेली गाडी आहे ही. आमच्याकडे अशी गाडी आगाराबाहेर काढली असती, तर दुसऱ्या दिवशी निलंबनाचा कागद हातात पडला असता.”

अपेक्षा ठेवायचीच तर पहिली ही ठेवावी, की बलूनची सफर बरीचशी जमिनीवर होते. प्रत्यक्ष उड्डाण तासाभराचं. आधीचं आणि नंतरचं धरलं तर सकाळचे तीनेक तास जातात, आणि ती सकाळ आपल्याकडे ज्याला रात्र म्हणतात तिथून सुरू होते. एवढ्या अवेळी का, तर सूर्यामुळे. ऊन चढलं की जमीन तापते, पण सगळीकडे सारखी तापत नाही. उघडं रान लवकर तापतं, झाडोऱ्याखालचं उशिरा. तापलेल्या तुकड्यावरून हवेचे लोट वर उसळू लागतात. घारींना ते हवे असतात, बलूनला मुळीच नको असतात. पहाटे जमीन निवलेली, हवा स्थिर. शिवाय गार हवा जड, त्यामुळे आतल्या गरम हवेला वर सरकणं सोपं. म्हणजे थंडी ही इथे गैरसोय नसून सोय आहे. कानटोपी ओढून, दोन्ही हात काखेत घालून मी हे स्वतःला पुन्हा पुन्हा समजावत होते.

माळावर पोचलो तेव्हा काळोखच होता. छोट्या पेल्यांत बिनदुधाचा चहा आणि बिस्किटं ठेवलेली. फुगे जमिनीवर गुंडाळीत पडलेले, टोपल्या आडव्या. उडायचं की नाही हे कंपनी ठरवत नाही, पायलटही ठरवत नाही. नागरी हवाई खात्याची माणसं वाऱ्याच्या नोंदी बघून ठरवतात आणि निकाल झेंड्याच्या रंगात सांगतात. हिरवा म्हणजे निघा, पिवळा म्हणजे थांबा, लाल म्हणजे हॉटेलवर जाऊन नाश्ता करा. जमिनीलगतचा वारा ताशी पंधरा-अठरा किलोमीटरच्या पुढे गेला की सहसा उड्डाण होत नाही. लाल लागल्यावर कुणाची ओळख चालत नाही आणि कुणाचा आवाजही चालत नाही. कुणीतरी “पण आम्ही पुण्याहून आलोय,” असं म्हणून पाहिलं. वाऱ्यावर त्याचा परिणाम झाला नाही.

नानांना ही व्यवस्था फार आवडली. “निर्णय खाली होतो हे उत्तम,” ते म्हणाले. “चालकावर सोडलं की तो म्हणतो, जातो, बघू. घाटात दरड आलीय की नाही ते आगाराने सांगायचं असतं.”

आमचा झेंडा बराच वेळ पिवळा होता. तेवढ्यात आमच्या पायलटने एक छोटा फुगा आणला. हेलियम भरलेला, खाली एक मिणमिणता दिवा बांधलेला. तो त्याने हातातून सोडून दिला आणि कमरेवर हात ठेवून वर बघत उभा राहिला. दिवा थोडा वर गेला आणि डावीकडे, गावाच्या दिशेने सरकू लागला. आणखी वर गेल्यावर घुटमळला आणि चक्क उलटा फिरून डोंगराकडे चालायला लागला. आम्ही सगळ्यांनी फोटो काढले. नानांनी काढला नाही. ते पायलटच्या शेजारी जाऊन उभे राहिले, बोटाने हवेत आधी डावीकडे आणि मग जरा वर उजवीकडे अशी रेघ काढून त्यांनी त्याला दाखवली. पायलटने मान डोलावली. दोघांत शब्द झाला नाही.

हिरवा झेंडा लागला आणि माळावर एकदम धांदल उडाली. मोठे पंखे सुरू झाले आणि जमिनीवर पसरलेल्या कापडात गार हवा शिरू लागली. कापड आधी नुसतं थरथरतं, मग त्याला पोट येतं, मग त्यात उभा माणूस फिरेल एवढी जागा होते. पोट पुरेसं भरलं की आडव्या टोपलीतून प्रोपेनच्या ज्वाळा आत सोडतात. फुगा हळूहळू कुशीवरून उठतो, उभा राहतो आणि आपल्याबरोबर टोपलीलाही उभी करतो. या ज्वाळांचा आवाज कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो. सगळे फोटो शांत असतात. प्रत्यक्षात डोक्यावर भट्टी गर्जत असते.

सुरुवातीला तर हे प्रकरण गवतावर चालायचं. फ्रान्समधल्या आनोने गावच्या मोंगोल्फिए बंधूंचा धंदा कागदाचा. धुरामुळे पिशवी वर जाते अशी त्यांची समजूत होती, म्हणून ते ओलसर गवत आणि लोकर जाळून भरपूर धूर करायचे. समजूत चूक होती, फुगा मात्र उडाला. 19 सप्टेंबर 1783 ला व्हर्सायला खुद्द राजासमोर त्यांनी एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा वर पाठवला. आठेक मिनिटांनी तिघेही सुखरूप खाली आले. बलूनच्या या पहिल्या प्रवाशांनी कुठे जाणार म्हणून विचारलं नाही, ही गोष्ट मी नानांच्या कानावर घातली. “तिकीट काढलं नव्हतं ना त्यांनी,” नाना म्हणाले.

माणसांची पाळी आली त्याच वर्षी 21 नोव्हेंबरला. आधी कैद्यांना पाठवून बघावं असं राजाच्या मनात होतं, पण पिलात्र द रोझिए आणि मार्की द’आर्लांद या दोघांनी तो मान मिळवला. पंचवीसेक मिनिटं ते पॅरिसवरून तरंगले. द’आर्लांद खालची नदी न्याहाळत राहिले आणि पिलात्र त्यांना आगीत गवत टाकायची आठवण करत राहिले, असं द’आर्लांद यांनीच लिहून ठेवलं आहे. म्हणजे इतिहासातल्या पहिल्याच फेरीत एकजण काम करत होता आणि दुसरा शोभा बघत होता. परंपरा तेव्हापासूनची आहे.

आता टोपलीत चढणं. टोपली वेताची असते. एवढ्या काळात ती बदलावी असं कुणाला वाटलं नाही, कारण वेत वाकतो, दणका सोसतो आणि मोडत नाही. दार नसतं. बाजूलाच पाय रोवायला भोकं ठेवलेली असतात, त्यांत पाय घालून काठ ओलांडायचा. ज्यांनी लहानपणी यात्रेच्या गर्दीत खिडकीतून गाडीत प्रवेश मिळवलाय, त्यांचं हे कौशल्य इथे उपयोगी पडतं. आत कप्पे असतात. मधला पायलटचा आणि टाक्यांचा, कडेचे आपले. बसायला जागा नाही, सगळा प्रवास उभ्याने. तरी आमच्यातल्या एकांनी चढण्याआधी काठावर रुमाल टाकलाच. पायलटने तो पडलेला समजून उचलून परत दिला.

खिडकीचं भांडण मात्र इथे होत नाही. मोठ्या फुग्याच्या कापडाला बाजूने झडपा असतात. त्यांची दोरी ओढली की आतली हवा तिरकी सुटते आणि अख्खा फुगा जागच्या जागी फिरतो. जो कप्पा मघाशी डोंगराकडे होता तो आता उगवतीकडे येतो. सगळ्यांना सगळं दिसतं. एसटीत ही सोय असती, तर महाराष्ट्राच्या कौटुंबिक इतिहासातले किती रुसवे टळले असते!

उडण्याआधी उतरण्याची तालीम होते. आधी शेवट शिकवतात, मग सुरुवात करतात. पायलटने हुकूम दिला की जाण्याच्या दिशेकडे पाठ करायची, गुडघे वाकवायचे, आतल्या दोरांना घट्ट धरायचं आणि टोपली पूर्ण थांबेपर्यंत बाहेर पडायचं नाही. शेवटची सूचना पायलटने मुद्दाम दोनदा दिली. वीस जणांचं वजन धरून तोललेल्या फुग्यातून एकाने घाईने उडी मारली, तर उरलेले एकोणीस पुन्हा वर जाऊ शकतात. माईंनी लगेच नानांचा कोट धरून ठेवला. “स्टँड यायच्या आधीच दारात जाऊन उभं राहायची सवय आहे यांना,” त्या म्हणाल्या.

आणि मग आपण उडतो, पण ते कळत नाही. विमानात पाठ मागे दाबली जाते, पाळण्यात पोटात गोळा येतो, इथे शरीराला कसलीच खबर मिळत नाही. खाली उभ्या असलेल्या माणसाच्या टोपीचा वरचा भाग दिसायला लागला की समजायचं. उंचीची भीती वाटणाऱ्यांनी याची धास्ती घेतलेली असते, पण गच्चीच्या कठड्याशी जे होतं ते बहुतेकांना इथे होत नाही. गच्चीवर भिंतीच्या रेषेवरून नजर थेट जमिनीपर्यंत घसरते आणि उंची मोजते. फुग्याला जमिनीशी जोडणारी रेषाच नसते, त्यामुळे नजरेला मोजायला काही सापडत नाही. माईंना तिसऱ्या मजल्यावरच्या घरात गॅलरीत उभं राहवत नाही. इथे त्या काठावर कोपर टेकवून खालच्या जर्दाळूच्या बागा बघत होत्या.

वारा लागेल म्हणून मी मफलर घट्ट बांधला होता. वारा लागलाच नाही. फुगा वाऱ्याबरोबरच चाललेला असतो, वाऱ्याच्याच वेगाने, त्यामुळे तोंडावर झुळूकसुद्धा येत नाही. मफलर गळ्यात नुसता लोंबत होता. गारठा होता तो पावलांना, आणि डोक्यावर मात्र दर थोड्या वेळाने ज्वाळेची धग. टाळूवर केस कमी असलेल्यांनी टोपी घालावी. ही सूचना थंडीसाठी नाही. ज्वाळा बंद असते तेव्हा जी शांतता असते, तिच्यात खालचं सगळं ऐकू येतं. कुणाच्या तरी अंगणात कुत्रं भुंकत होतं, कोंबडा आरवत होता, ट्रॅक्टर सुरू करायचा प्रयत्न चालला होता आणि तो सुरू होत नव्हता. एवढ्या वरून इतक्या स्पष्टपणे दुसऱ्याच्या घरातलं ऐकायला मिळणं हे आमच्या गटातल्या काहींना दृश्यापेक्षाही आवडलं.

फुगा चालवण्यातली खरी खोच पायलटच्या हाताकडे बघताना लक्षात येते. त्याने ज्वाळा सोडली, की फुगा लगेच वर जात नाही. दहा-पंधरा सेकंद काहीच होत नाही. एवढी हवा तापायला आणि एवढं वजन हलायला तेवढा वेळ लागतोच. मग, आपण विसरून गेल्यावर, फुगा वर निघतो. खालच्या दरीत उतरताना समोरून सुळका येत होता आणि पायलट ज्वाळा सोडून शांतपणे हात खाली घेऊन उभा होता. टोपलीतल्या आम्हा सगळ्यांचे पाय नसलेला ब्रेक दाबत होते. सुळक्याच्या अंगावरची कबुतरांची भोकं मोजता येतील इतक्या जवळ आल्यावर फुगा अलगद वर सरकला. मघाशी सोडलेल्या ज्वाळेचं फळ आत्ता आलं होतं. आत्ता काही केलं तर ते पुढच्या सुळक्यासाठी. मुलांना सांगितलेलं लगेच का लागू पडत नाही म्हणून हैराण होणाऱ्या आयांना या टोपलीत एकदा उभं करायला हवं.

नानांचा प्रश्न अजून बाकीच होता. धीर करून त्यांनी इंग्रजीत विचारलंच, “यू, नो स्टिअरिंग?”

पायलट हसला. म्हणाला, सुकाणू नाही, ब्रेक नाही. वर जाता येतं, खाली येता येतं, बस्स. पण खालच्या थरातला वारा गावाकडे नेतो आणि वरच्या थरातला डोंगराकडे. मला जिकडे जायचं असेल, तिकडे जाणाऱ्या वाऱ्यात मी जाऊन थांबतो.

मी हे मराठीत सांगत होते तोवर नानांच्या चेहऱ्यावर उजाडलं. “म्हणजे हा गाडी चालवतच नाही! गाडी बदलतो! ही सोडली, वरची धरली.” आणि मग, एका दमात, “अहो, मग फुगा म्हणजे गाडी नाहीच. फुगा म्हणजे पॅसेंजर. गाड्या म्हणजे वारे. आणि त्यांना पाट्या आहेत. तो मघाशी दिवा सोडून पाट्याच वाचत होता.”

बलूनबद्दल मी जे काही वाचलं होतं, ते या चार वाक्यांत बसत होतं. ज्यूल व्हर्नच्या 1863 सालच्या पहिल्या कादंबरीचा सगळा डोलारा याच कल्पनेवर आहे. त्याचा नायक फुग्यातून आफ्रिका ओलांडतो तो सुकाणूच्या बळावर नव्हे, तर आतला वायू तापवून किंवा निववून वर-खाली होत, सोयीचा वारा शोधत. लोकांना मात्र बलून आठवतो तो व्हर्नच्या ऐंशी दिवसांतल्या जगप्रवासात. त्या पुस्तकात बलून नाहीच. तो 1956 च्या सिनेमाने घातला. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरात 1972 पासून बलूनचा मोठा मेळा भरतो. तिथे ऑक्टोबरातल्या कित्येक सकाळी खालचा वारा दक्षिणेला जातो आणि वरचा उत्तरेला, म्हणून फुगा निघाल्या माळावरच परत येऊ शकतो. नानांना हे सांगितलं तेव्हा ते फार वेळ खूश होते. जाणारी आणि येणारी, दोन्ही एकाच थांब्यावर.

मुंबईचंही नाव या क्षेत्रात आहे, आणि ते उंचीसाठी. 26 नोव्हेंबर 2005 ला विजयपत सिंघानिया मुंबईहून गरम हवेच्या फुग्यातून निघाले आणि 21,027 मीटरवर पोचले. प्रवासी विमानं उडतात त्याच्या दुप्पट उंचीला. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी हा विक्रम केला म्हटल्यावर गटातल्या सगळ्या ज्येष्ठांनी पाठीचा कणा ताठ केला. ते बंद कुपीत बसून गेले होते, हे मी नंतर हळूच सांगितलं.

उतरण्याची गंमत चढण्याहून मोठी. खाली कच्च्या रस्त्याने धुरळा उडवत एक जीप मागे ट्रेलर ओढत आमच्या मागे पळत होती. फुगा कुठे उतरेल हे तिलाही ठाऊक नसतं. पायलट तिच्याशी बिनतारी यंत्रावर बोलत असतो आणि ती वळणं घेत, शेताचे बांध टाळत खालून साथ करत असते. शेवटी पायलटने फुग्याच्या माथ्यावरची झडप थोडी उघडून गरम हवा सोडली, आम्ही गुडघे वाकवले, दोर धरले, डोळे मिटले. खालच्या माणसांनी दोर पकडून टोपली ओढली आणि ती जमिनीवर न टेकता थेट त्या ट्रेलरवर येऊन बसली. चारी बाजूंनी बरोबर. दणका नाही, धक्का नाही. नानांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यभर चालकांना “मागे घे, मागे घे, येऊ दे,” करत गाड्या फलाटाला लावून घेणाऱ्या माणसाच्या त्या टाळ्या होत्या, त्यांची किंमत पायलटला कळली की नाही कोण जाणे.

मग उंच पेल्यांत शॅम्पेन, आणि न घेणाऱ्यांना फळांचा रस. यामागे कथा सांगतात की आकाशातून अचानक शेतात उतरणाऱ्या पाहुण्याने शेतकऱ्याचा राग शांत करायला बाटली जवळ ठेवावी, असा रिवाज पडला. कथा खरी असो-नसो, रागाला आधार आहे. 27 ऑगस्ट 1783 ला पॅरिसहून सोडलेला हायड्रोजनचा एक बिनमाणसांचा फुगा गोनेस गावात उतरला. गावकऱ्यांना वाटलं, काहीतरी भयंकर आलं. काटे-कुदळी घेऊन त्यांनी त्याचा पुरता निकाल लावला. पिलात्र द रोझिए यांचं नशीब त्याहून वाईट. दोनच वर्षांनी खाडी ओलांडून इंग्लंडला जायच्या खटपटीत फुगा कोसळला आणि त्यातच ते गेले. लाल झेंड्याची शिस्त आपोआप आलेली नाही. वाट बघायला लावणाऱ्या माणसांवर आपण चिडतो, तेव्हा हे एकदा आठवावं.

प्रत्येकाला नावाचं प्रमाणपत्र मिळालं. नानांनी ते पालथं करून पाहिलं. “कुठून आहे. कुठपर्यंत नाही,” ते म्हणाले. तेवढ्यात आमच्याच गटातल्या दुसऱ्या टोपलीतल्या मंडळींचा फोन आला. त्याच माळावरून, त्याच सुमाराला निघाले होते, पण ते जरा जास्त वर गेले आणि डोंगरापलीकडच्या गावात उतरले. न्याहारीच्या टेबलावर कुणाची सफर चांगली यावर खडाजंगी झाली. त्यांना दूरवरचं एर्जियेसचं बर्फाचं शिखर मोकळं दिसलं होतं, आम्हाला सुळक्यांना हात लावता येईल इतकं जवळून जायला मिळालं होतं. माईंनी मध्यस्थी केली, की दोघांनीही आपापली गाडी बरोबर धरली, भांडता कशाला.

परत आल्यावर लोक विचारतात, बलूनमध्ये काय अपेक्षा ठेवून जावं? मी म्हणते, टोपी घाला, वजन खरं सांगा, आणि कुठे उतरणार याऐवजी आज वारे कसे आहेत ते विचारा. पण कामाचा सल्ला नानांचा. ते म्हणतात, बलूनची सकाळ सहलीच्या शेवटच्या दिवशी कधीही ठेवू नका. पहिल्याच दिवशी ठेवा, म्हणजे लाल झेंडा लागला तर दुसरी सकाळ हाताशी राहते. “सणासुदीला आम्ही जादा गाड्या सोडायचो,” नाना समजावून सांगतात. “इथे गाडी आपल्या हातात नाही. तेव्हा सकाळ जादा ठेवायची.”